माझदा घ्यावी का? रोटरी इंजिनवाली कंपनी हीच ना?

मेलबर्नला राहतो, जुनी माझदा ३ बघतोय. घरचे म्हणतात टोयोटाच घे. कंपनीचा इतिहास आणि वापरणाऱ्यांचा अनुभव कुणी सांगेल का?

उत्तर १
हो तीच, हिरोशिमाची. १९२० मध्ये सुरू झाली तेव्हा बूच म्हणजे कॉर्क बनवायची, १९३१ ला तीनचाकी टेम्पो काढला. १९४५ ला बाॅम्ब पडला तेव्हा मधे हिजियामा टेकडी होती म्हणून कारखाना बराचसा वाचला आणि त्याच वर्षी डिसेंबरात परत तीनचाकी बनवायला लागले, मला तर हे वाचून फार भारी वाटलं. रोटरी म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, त्याचं लायसन्स जर्मनीच्या एनएसयू या गाड्यांच्या कंपनीकडून घेतलं, पण आतल्या भिंतीवर ओरखडे पडायचे, ते माझदाचे इंजिनिअर यामामोतो आणि त्यांच्या टीमने सोडवलं तेव्हा कुठे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट ही रोटरीवाली कार आली. १९९१ ला ल मॉं ही फ्रान्सची २४ तासांची कार रेस जिंकली, जपानी कंपनीने पहिल्यांदाच!

उत्तर २
दादा, माझदा ३ ला साधं पिस्टनचंच इंजिन असतं, रोटरीचं टेन्शन नको. ऑइल पिते ती आरएक्स-८, माझदाचीच रोटरीवाली गाडी. मी ३ चालवते, स्टिअरिंग एकदम मस्त, वळणावर मजा येते, फक्त मागे जागा कमी आणि हायवेला टायरचा आवाज येतो. सर्व्हिस हिस्ट्री बघितल्याशिवाय घेऊ नका.

उत्तर ३
आपल्याकडे स्वराज माझदाचे ट्रक होते की, ते यांच्याच तंत्रज्ञानावर. कार मात्र भारतात आल्याच नाहीत, वाईट वाटतं. मिळतेय तर घ्याच.