नाना म्हणतात व्हेंटिलेटर नको, दादा ऐकत नाही. लिव्हिंग विलचं (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याचं) इंदुरात कसं करतात?

सुदामानगरकर
मंडळी सल्ला हवाय. आमचे नाना ८४ चे, सीओपीडी (फुफ्फुसांचा धाप लागणारा आजार) जुनाच, या थंडीत दोनदा अ‍ॅडमिट करावं लागलं. घरी आल्यापासून एकच धोशा, पुढच्या वेळी नळी घालू नका, मशीनवर टाकू नका, मला माझ्या पलंगावर राहू द्या. डोकं एकदम शाबूत आहे, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात, देहदानाचा फॉर्मसुद्धा एमजीएम मेडिकल कॉलेजला कधीच भरून ठेवलाय. आता डायरीच्या पानावर हे सगळं लिहून खाली सही केलीये. दादा पुण्याला असतो, तो म्हणतो असलं काही चालत नाही, लोक म्हणतील पैसे वाचवायला बापाला सोडलं. आई दोघांच्या मधे रडत बसते. त्या पानाला काही किंमत आहे का?

कोर्टकचेरी_इंदूर
नुसत्या पानावर नका राहू. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विल मान्य केलं पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, त्यामुळे कोणी त्या भानगडीत पडायचंच नाही. जानेवारी २०२३ मधे सोपं केलं, आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, झालं. नानांना बोलता येणार नाही तेव्हा होकार-नकार कोण देणार त्याचं नाव त्यात हवंच, एकापेक्षा जास्त नावं चालतात. माझं ऐकाल तर दादाचं नाव आधी घाला, बाहेर ठेवलेला माणूसच आयसीयूच्या दारात भांडतो. एक कॉपी फॅमिली डॉक्टरला द्या, एक नगर निगमात देऊन पावती घ्या. नानांचं मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं.

लोकमान्यनगरची_काकू
मला नाही पटत हे. माझ्या सासूबाईंना न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटरवर होत्या, सगळ्यांनी आशा सोडलेली आणि बाई घरी आल्या, पुढच्या दिवाळीला चकल्या पाडायला बसल्या. तेव्हा असा कागद असता तर? म्हातारी माणसं वैतागून पण बोलतात हो, आपल्याला त्रास नको म्हणून. आधी ते बघा.

आयसीयूतला_माणूस
काकू, कागद असता तरी सासूबाईंना उपचार मिळालेच असते. आजार बरा होण्यासारखा नाही आणि पेशंट स्वतः ठरवू शकत नाही, अशा वेळीच तो कागद पुढे येतो, तोही थेट नाही. आधी उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं बोर्ड, मग दुसरं बोर्ड, त्यात सीएमएचओने (जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याने) नेमलेला डॉक्टर असतो. दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. एकटा मुलगा किंवा एकटा डॉक्टर मशीन बंद करू शकत नाही. पण वैतागून बोलण्याचं तुम्ही म्हणालात ते खरंय, आणि म्हणूनच नानांना "व्हेंटिलेटर नको" एवढ्यावर सोडू नका, खोदून विचारा. तोंडावरचा बायपॅप मास्क (घशात नळी न घालता दाबाने हवा देणारा) चालेल का, हृदय थांबलं तर छाती दाबायची का, नाकातून नळीने जेवण चालेल का, चार दिवस मशीन लावून बघू आणि फरक नाही पडला तर काढू हे चालेल का. बऱ्याच आजोबांना मास्क चालतो, घशातली नळी नको असते. आणि दादाला हे सांगा की नळी नाही म्हणजे उपचार बंद असं नाही. धाप लागते त्यावर मॉर्फिनचे अगदी छोटे डोस डॉक्टर देतात, घाबरणं कमी होतं, घरी ऑक्सिजनची सोय होते. घरीच ठेवायचं असेल तर ही सगळी तयारी आधी हवी, नाहीतर रात्री दोनला धाप वाढली की घरातलेच घाबरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतात आणि अ‍ॅम्ब्युलन्समधे कागद वाचायला कोणाला वेळ नसतो.

सुदामानगरकर
सगळ्यांचे आभार. काल नानांनी स्वतः दादाला व्हिडिओ कॉल लावला, आम्हाला खोलीबाहेर काढलं. काय बोलले माहीत नाही पण दादा शनिवारी येतोय, आधी डॉक्टरांना भेटतो मग सही करतो म्हणाला. मास्क चालेल, छाती दाबायची नाही, हे नानांनी लगेच सांगितलं, जेवणाच्या नळीवर मात्र विचार करतायत. एकच शंका, साक्षीदार म्हणून शेजारचे काका चालतील का?

कोर्टकचेरी_इंदूर
चालतील की, उलट घरच्यांपेक्षा बरे. फक्त नानांच्या मृत्युपत्रात त्यांना काही मिळणार नाही ना बघा, आणि येताना दोघांना आधार कार्ड आणायला सांगा.