प्रतिसाद: आठ दिवसांत एकच प्रांत धरा

चीनच्या सहलीत आठ दिवसांत बीजिंग, शीआन, झांगजियाजिए आणि युनान बसवायचं म्हणताय, पण त्यात निम्मा वेळ आणि पैसा प्रवासातच जाईल. ट्रेक हवाच असेल तर फक्त नैर्ऋत्येकडचा युनान प्रांत करा. तिथली राजधानी कुनमिंगहून लिजियांगला वेगवान रेल्वेने साधारण साडेतीन तास, पुढे बसने टायगर लीपिंग गॉर्ज ही खोल दरी. तिथे वरच्याच पायवाटेने जा आणि रात्री वाटेतल्या गेस्टहाऊसवर मुक्काम करा. 'अठ्ठावीस वळणां'चा चढ चांगलाच दम काढतो, पण वर पोचलात की खाली खळाळणारी जिन्शा नदी आणि समोर 5,596 मीटरचा जेड ड्रॅगन पर्वत, अहाहा! जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. 1 ते 7 ऑक्टोबरही टाळा, तेव्हा अख्खा चीन सुट्टीवर असतो. अलीपे या मोबाइल पेमेंट अ‍ॅपला कार्ड निघण्याआधीच जोडून ठेवा.