नोकरी सोडून देवगडला येतोय, आरोग्य विम्याचं काय?

पुण्यातली आयटीची नोकरी मार्चअखेर सोडतोय. घरची हापूसची बाग आणि दोन खोल्यांचा होमस्टे. आजवर कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर निर्धास्त होतो. बायकोला थायरॉईड, आई ७२ची, मधुमेही. नव्या पॉलिसीत सगळं पहिल्यापासून सुरू होणार का? झोप उडालीय.

> शेवटच्या दिवसाआधीच एचआरला गाठा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायला अर्ज करा. ग्रुप पॉलिसीत झालेली वर्षं प्रतीक्षा कालावधीतून, म्हणजे जुन्या आजारांचा खर्च मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळातून, वजा होतात. २०२४ पासून जुन्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त ३६ महिने. थायरॉईड लपवू नका, गोळी अर्धी का असेना.

> आईंचं सत्तरीपुढचं सरकारी आयुष्मान कार्ड काढा. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही.

> मी मालवणची. गावच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण मुंबईत ॲडमिट झालं की काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्या खिशातून जातो. आपल्याकडे मोठं दुखणं म्हणजे कोल्हापूर, नाहीतर गोव्यात बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल. कॅशलेसच्या, म्हणजे विमा कंपनी थेट बिल भरते त्या यादीत कोल्हापूरची हॉस्पिटलं आहेत ना, ते आधी बघा.

> वैयक्तिक पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, तेही हिशेबात धरा.

देव बरें करो सगळ्यांचं. एचआरला आजच मेल टाकतो.