रिले जोडला की ईएसपी३२ उठतच नाही. बोर्ड खराब की माझी जोडणी?

मोटारवाला, सांगोला

नमस्कार. सांगोल्यात माझं मोटारी भरायचं (रिवाइंडिंगचं) दुकान आहे. तांबं, वार्निश आणि स्टार्टर यांतच अठरा वर्षं गेली. प्रोग्रामिंगला हात लावला तो या पावसाळ्यात.

आमच्या डाळिंबाच्या बागेत ठिबकचे दोन कॉक आहेत. शेतीची लाईट काही दिवस रात्रीची असते. वडील अडुसष्ट वर्षांचे, तरी बॅटरी घेऊन कॉक फिरवायला तेच जातात. गेल्या महिन्यात बांधावर त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर घोणस होती. तेव्हापासून हे काम माझ्या डोक्यातून जात नाही. ओलावा बघून कॉक आपोआप उघडला पाहिजे, एवढंच मला हवं आहे.

ईएसपी३२ चा, म्हणजे वायफाय असलेल्या प्रोग्राम करता येणाऱ्या चिपचा, ३० पिनांचा बोर्ड घेतला. सुरुवातीला कॉम्प्युटरवर पोर्टच दिसत नव्हता. ड्रायव्हर टाकण्यात तीन दिवस गेले आणि शेवटी केबल निघाली नुसती चार्जिंगची, आत डेटाच्या तारा नव्हत्याच. केबल बदलल्यावर 'कनेक्टिंग'पुढे ठिपके येत राहायचे आणि टाइमआउट व्हायचा. बूटचं बटण दाबून धरलं की प्रोग्राम चढतो, हे कळलं. दिवा लुकलुकला, वायफायही जोडलं गेलं.

आता अडलंय ते असं. दोन रिलेची (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचची) पाटी १२ आणि १३ नंबरला लावली, ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर २६ ला. रिसेट दाबला की बोर्ड पुन्हा पुन्हा रिसेट होत राहतो. रिलेच्या तारा काढल्या की लगेच सुरळीत. दुसरा नवा बोर्ड आणला, तोही तसाच. कुठे चुकतंय?

सोल्डरधूर

पहिला संशय पुरवठ्यावर. असल्या रिलेची एक कॉइल साधारण ७० मिलीअँपिअर घेते आणि वायफाय पाठवताना चिप क्षणभर २४० च्या आसपास जाते. यूएसबी पोर्ट कमजोर असेल तर व्होल्टेज बसतं. सिरीयल मॉनिटर (बोर्डाचे संदेश कॉम्प्युटरवर दाखवणारी खिडकी) ११५२०० वर ठेवा आणि 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' अशी ओळ येते का बघा. जे येईल ते जसंच्या तसं इथे टाका.

मोटारवाला, सांगोला

ब्राउनआउट कुठेच नाही. रिलेला वेगळ्या सप्लायवरून पाच व्होल्ट दिले, ग्राउंड एक केलं, तरी तेच. हे येत राहतं:

आरएसटी:०एक्स१० (आरटीसीडब्ल्यूडीटी_आरटीसी_रिसेट), बूट:०एक्स३३ (एसपीआय_फास्ट_फ्लॅश_बूट)
फ्लॅश रीड एरर, १०००

सवयीने मीटर लावला. रिले जोडलेला असताना १२ नंबरच्या पिनेवर पावणेतीन व्होल्ट मिळतात.

बेंचवरची ताई

दादा, तुमचे दोन्ही बोर्ड चांगले आहेत. मीटर लावलात ते फार बरं केलंत, त्यातच उत्तर आहे.

चिप जागी होताना काही पिनांकडे बघून ठरवते की आपण कसं उठायचं: ०, २, ५, १२ आणि १५. प्रोग्राम चढवताना तुम्ही बूटचं बटण दाबता म्हणजे ० नंबर खाली ओढता, तोही यातलाच प्रकार. १२ नंबरवरून फ्लॅशला, म्हणजे प्रोग्राम साठवणाऱ्या मेमरीला, किती व्होल्ट द्यायचे ते ठरतं. पिन खाली असेल तर ३.३, वर असेल तर १.८. तुमच्या मॉड्यूलमधली फ्लॅश ३.३ ची. तिला १.८ मिळाले की ती वाचता येत नाही, चिप अडकते आणि वॉचडॉग (अडकलेल्या चिपवर नजर ठेवणारा आतला टायमर) तिला रिसेट करतो. तेच चक्र चालू राहतं.

लॉगमध्येही हे लिहिलेलं आहे. रिले काढून बघा, तिथे बूट:०एक्स१३ दिसेल. ०एक्स३३ आणि ०एक्स१३ यांतला फरक ०एक्स२०, आणि ती खूण बरोबर १२ नंबरची. मोकळी असताना ही पिन आतून हलकीशी खाली ओढलेली असते. तुमचा रिले मात्र 'लो'वर चालणारा दिसतो, त्याची इनपुट एलईडी आणि रेझिस्टरमधून पाच व्होल्टला जोडलेली असते. म्हणून पिन वर जाते.

तेव्हा १२ रिकामी ठेवा आणि रिले २७ व ३३ वर घ्या. ६ ते ११ ला हात लावू नका, त्या फ्लॅशच्याच तारा आहेत. ई-फ्यूज (चिपच्या आतली एकदाच बदलता येणारी सेटिंग) जाळून ३.३ कायमचं पक्कं करा, असाही सल्ला तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल. ते होतं, पण जाळलेला ई-फ्यूज परत येत नाही. एक तार हलवून काम होत असताना ते करू नका. प्रोग्राममध्ये आधी पिनेला 'हाय' लिहा आणि मगच तिला आउटपुट करा, म्हणजे सुरू होताना रिले टक् करून कॉक उघडणार नाही.

आणखी एक गोष्ट आताच सांगते, नाहीतर पुढचा आठवडा त्यात जाईल. सेन्सर २६ वर चालणार नाही. ती पिन एडीसी-२ ची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या दुसऱ्या भागाची) आहे आणि वायफाय चालू असताना एडीसी-२ वायफायच्या ताब्यात असतो. सेन्सर ३४ ला लावा, तो एडीसी-१. ३४ ते ३९ फक्त इनपुटच्या पिना आहेत, त्यांवर रिले लावू नका.

बांधावरचा वायरमन

शेतातला अनुभव सांगतो. त्या सेन्सरच्या पाटीच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि काही महिन्यांत आकडे भरकटतात. कडा आणि वरचा सुट्या पार्टांचा भाग बंद करून घ्या. बूटचं बटण दरवेळी धरायला लागत असेल तर ईएन (रिसेटची पिन) आणि ग्राउंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. आणि हा बोर्ड २.४ गिगाहर्ट्झच पकडतो, राउटर ५ वर असेल तर दिसणारच नाही.

मोटारवाला, सांगोला

ताई, झालं! रिले २७ आणि ३३ वर, सेन्सर ३४ वर. मॉनिटरवर ०एक्स१३ दिसलं आणि बोर्ड पहिल्या फटक्यात उठला. दोन दिवस सलग चालू आहे.

वायफाय चालू ठेवून सेन्सरचे आकडे घेतले: हवेत २७८०, पाण्याच्या ग्लासात १२४०. कुंडीतली माती सुकेल तसा आकडा चढतो. वायरमनदादा, सेन्सरच्या कडांना दुकानातलंच इन्सुलेशन वार्निश दोन हात मारलं आणि सुकू दिलं. कपॅसिटर लावल्यापासून बटणही धरावं लागत नाही.

कॉकच्या जागी २४ व्होल्ट एसीचे सोलेनॉइड वॉल्व्ह घेतलेत, त्यांचा ट्रान्सफॉर्मर मीच भरला. माझ्या धंद्यातली एक गोष्ट प्रोग्राममध्ये घातली आहे: दुसरा वॉल्व्ह उघडून दहा सेकंद झाल्याशिवाय पहिला बंद करायचा नाही, नाहीतर मोटर बंद पाइपावर दाब टाकत बसेल आणि सांधे निसटतील.

काल वडिलांना दुकानात बसवून दाखवलं. कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं, रिले सुटल्याचा आवाज आला. त्यांनी एकच विचारलं, "लाईट जाऊन परत आली तर?" लाईट गेली की दोन्ही वॉल्व्ह आपोआप मिटतात. परत आल्यावर बोर्ड आधी उठून एक वॉल्व्ह उघडतो आणि ऑटो स्टार्टरला एक मिनिट उशीर लावलाय, असं सांगितलं. मग तिथेच तीन वेळा मेन स्विच पाडून त्यांना दाखवलं.