फाटक बघायला जपानला?

ग्रुप : आजोळ (२३ जण)

नाना मामा : निनादने जपानचं वेळापत्रक पाठवलंय. दुसऱ्या दिवशी 'रेल्वे फाटक', तिसऱ्या दिवशी 'जिना'. एवढे पैसे मोजून फाटकच बघायचं तर मिरजेला काय कमी आहेत?

मंजू मावशी : 😂😂

निनाद : बाबा, ते 'स्लॅम डंक' या जपानी कार्टून मालिकेतलं (अॅनिमे) फाटक आहे. कामाकुराला.

नाना मामा : पण आहे काय तिथे?

निनाद : फाटक. आणि मागे समुद्र.

सई (तोक्यो) : मामा, मी जाऊन आलेय. एनोदेन म्हणून छोटी गाडी आहे, बराचसा एकेरी रूळ, फुजिसावा ते कामाकुरा सगळी मिळून १० किलोमीटर. कामाकुराकोकोमाए स्टेशनला उतरायचं की जवळच आहे. उतारावरून रस्ता खाली येतो, मग फाटक, पलीकडे एकदम समुद्र. घंटी वाजायला लागते आणि हिरवी गाडी समोरून जाते. १९९३ ला सुरू झालेल्या मालिकेच्या गाण्यात हेच दिसायचं. गर्दी मात्र बेक्कार. फोटोसाठी लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, तिथले रहिवासी वैतागलेत.

मंजू मावशी : नाना, मेणवलीच्या घाटावर तू शाहरुखसारखा उभा राहून फोटो काढून घेतलास, तो आहे माझ्याकडे. टाकू?

नाना मामा : तिथे 'स्वदेस'चं शूटिंग झालं होतं! माणूस खरोखर उभा होता. इथे कोण उभं होतं? कार्टून?

सुधीर काका : [शुभ रात्रीचा फोटो]

सई (तोक्यो) : मामा, मला तर उलट वाटतं. कॅमेऱ्यात समोरचं सगळं आपोआप येतं. चित्रात आपोआप काहीच येत नाही. विजेच्या तारा, गटाराचं झाकण, भिंतीवरचा डाग, सगळं कोणीतरी बघून, ठरवून काढलेलं असतं. निनादचा जिना 'युअर नेम' या अॅनिमे सिनेमातला (२०१६), तोक्योतल्या योत्सुयात सुगा मंदिराजवळचा. लाल कठडा, आजूबाजूला लोकांची घरं. मी फोनवरचं चित्र धरून कोन जुळवत होते, तेवढ्यात एक आजी भाजीच्या पिशव्या घेऊन वर आल्या. मी बाजूला झाले. इतकी लाज वाटली! त्यांचा तो रोजचा जिना.

निनाद : आणि हिदा?

सई (तोक्यो) : 'युअर नेम'मधलं तिथलं स्टेशन हुबेहूब आहे, पण सिनेमातलं इतोमोरी गाव मुळात नाहीच. आठ दिवसांत हिदा बसवू नकोस, नुसती धावपळ होईल.

आजी : कार्टूनमधल्या जागा बघत असं फिरण्याला ते लोक म्हणतात काय?

सई (तोक्यो) : सेइची जुनरेई. तीर्थयात्राच. शिकोकू बेटावर ८८ देवळांची जुनी यात्रा आहे, साधारण १२०० किलोमीटरची. तिच्यावरून अॅनिमेच्या ठिकाणांचीही ८८ ची यादी निघते.

आजी : आपल्या अष्टविनायकातच नानाला गाडी लागली होती. थेऊरपर्यंतसुद्धा दम निघाला नाही.

मामी : जरा थांबा. यादीत कासुकाबे लिहिलंय. हे शिनचॅनचं कासुकाबे?

निनाद : हो.

मामी : म्हणजे ते खरं गाव आहे??

सई (तोक्यो) : हो मामी, साइतामा प्रांतात, इथून फार लांब नाही. शिनचॅनच्या घरचे खरेदीला जातात ना, ते दुकानसुद्धा तिथल्या खऱ्या दुकानावरून काढलेलं. ते मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झालं.

मामी : अरेरे.

मामी : त्या पोरापायी मी किती वेळा टीव्ही बंद केलाय. निनाद त्याच्यासारखा बोलायला लागला होता. आता दुकान बंद झालं तर मला का वाईट वाटावं?

मंजू मावशी : कारण तूही बघायचीस. पोळ्या लाटता लाटता.

मामी : त्याच्या आईसाठी, मित्सीसाठी बघायचे गं. घरोघरी तेच, असं वाटायचं. सई, कासुकाबेला पूर्ण दिवस धर.

नाना मामा : बरं. मग फाटकही राहू दे. पण एक तास. चहा मिळतो का तिथे?

सई (तोक्यो) : मशीनमधला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. सकाळी लवकर जा आणि फुटपाथवरच उभे राहा. इथे दीड वाजलाय, झोपते मी.

आजी : नाना, गाडी लागायची गोळी घे बरोबर. छोटी असली तरी गाडीच ती.