पोर्टो रिकोच्या जंगलात नदीतला हाईक आणि घसरगुंड्या, आईला न्यावं का?

जर्सीकर
मंडळी, मार्चमध्ये पोर्टो रिकोला चाललोय, मी, बायको, मुलगा 9 वर्षांचा आणि भारतातून आलेली आई (वय 61, रोज चालते, गुडघे ठीक आहेत पण पोहता येत नाही). एल युंके या तिथल्या डोंगराळ पावसाळी जंगलाच्या पायथ्याशी गाईडबरोबर नदीतनं चालत जायचं, मधे दगडावरच्या नैसर्गिक घसरगुंड्या, डोहात उड्या वगैरे असा अर्ध्या दिवसाचा टूर बुक करायचा विचार आहे. फोटो बघून मुलगा आत्तापासूनच नाचतोय. कपडे, बूट काय न्यायचे, आणि आईला न्यावं का? अजून एक, आम्ही अमेरिकेत एच वन व्हिसावर आहोत, परत येताना काही भानगड?

डोंगरवेडा
आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो. घसरगुंडीची भीती सगळ्यांना वाटते पण ती सोपी असते हो, दमवतं ते मधलं चालणं. कधी घोट्यापर्यंत पाणी कधी कमरेपर्यंत, खाली गोटे हलतात आणि शेवाळावर पाय कधी सटकेल सांगता येत नाही. त्यामुळे सगळ्यात आधी बूट. लेसवाले, बंद, जुने स्पोर्ट्स शूज घाला जे भिजून वाया गेले तरी चालतील. मी शहाणपणा करून वेल्क्रोचे फ्लोटर्स घातले होते, तिसऱ्या डोहात डाव्या पायाचा पट्टा उघडला आणि चप्पल पाण्याबरोबर पुढे, गाईड तिच्यामागे पळतोय आणि मी एका पायावर बगळ्यासारखा उभा. क्रॉक्स तर नकोच, बरेच टूरवाले घेतच नाहीत. कपडे लवकर वाळणारे, खाली पूर्ण लांबीची लेगिंग किंवा ट्रॅक पँट, कारण कातळावर बूड आणि कोपरं दोन्ही खरचटतात. जीन्स आणि सुती नको, भिजलं की अंगावर दोन किलो वजन.

एच वनचं टेन्शन घेऊ नका, पोर्टो रिको अमेरिकेचाच भाग आहे, डोमेस्टिक फ्लाइट असते. पासपोर्ट आणि कागद मात्र जवळ ठेवा. परत निघताना सॅन वानच्या एअरपोर्टवर शेतीखात्याची बॅग तपासणी असते, फळंबिळं कोंबून आणू नका.

कोयनाकाठ
आईंना न्यावं का याचं उत्तर टूरवाल्यालाच विचारा, पण प्रश्न नीट विचारा. "वयाची अट काय" एवढंच नको. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट देता का, घसरगुंडी टाळून बाजूने चालत खाली जायला वाट आहे का, आणि अर्ध्यातनं परत फिरता येतं का, हे तीन. वाट असेल तर बिनधास्त न्या. सह्याद्रीत कातळावर चाललेल्या बाईला हे जड नाही, दगड तिथलाही ज्वालामुखीचाच.

घसरताना पाय पुढे आणि जुळवलेले, हात छातीवर, हनुवटी आत. हाताने दगड धरायचा मोह होतो तिथेच मनगट दुखावतं. मुलाला हे घरी सोफ्यावर करून दाखवा. आणि गाईडने दाखवलेल्या जागेवरूनच, डोह किती खोल आहे ते वरून कळत नाही.

आता पावसाचं. तिथे बारा महिने पाऊस, मार्च त्यातल्या त्यात कोरडा, पण तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर डोंगरात कोसळत असतो आणि मग लोंढा येतो. तिकडे त्याला गोल्पे दे आग्वा म्हणतात. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या पालापाचोळा वाहत यायला लागला की फोटो सोडून काठावर चढायचं. आपल्याकडे 2024 ला भुशी डॅमच्या मागे धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं ते असंच. गाईडने टूर रद्द केला तर पैशावरून भांडू नका, उलट रद्द करणारा गाईड चांगला.

मीरा_के
चष्म्याला मागून दोरी लावा, माझा डोहात गेला तो गेलाच. अंगठ्या, मंगळसूत्र हॉटेलवर. सनस्क्रीन आणि डासांचं औषध नदीत उतरण्याआधी फासू नका, पाण्यात कोळंबी आणि बेडूक असतात, त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट. उघडी जखम असेल तर पाण्यात जाणं टाळा आणि नंतर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरला नदीत उतरल्याचं सांगा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा तापाचा आजार) आपल्या मुंबईकरांना नवा नाही. गाडीत कोरडे कपडे, टॉवेल आणि अंतर्वस्त्रंसुद्धा, ती हमखास विसरतात.

आई शाकाहारी असतील तर मोफोंगो मागवताना विचारा, केळं कुटून केलेलं दिसतं पण आत डुकराची कुरकुरीत चरबी असते. तोस्तोनेस चालतील, कच्च्या केळ्याचे तळलेले चपटे काप.

जर्सीकर
खूप आभार सगळ्यांचे. टूरवाल्याला फोन केला, लाइफ जॅकेट देतात आणि दोन्ही मोठ्या घसरगुंड्यांना बाजूने वाट आहे म्हणे. चौघांचं बुक केलं. मुलगा सोफ्यावर प्रॅक्टिस करतोय, दोन उशा फाटल्या. आईला बांगड्या काढून ठेव म्हणालो तर म्हणते सोन्याच्या आहेत, काचेच्या नाहीत, फुटत नाहीत.

डोंगरवेडा
फुटत नाहीत पण निसटतात, माझी चप्पल आठवा.