दिवाळीनंतर परांडा, तेर, नळदुर्ग, औसा : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

मेघना (सी-३०२): नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या शुक्रवार-शनिवार-रविवारी पुण्याहून तीन गाड्या निघतायत. सिंहगड-लोणावळा नको, गर्दी नसलेले किल्ले हवेत. आत्तापर्यंतची यादी: परांडा, नळदुर्ग, औसा, उदगीर, कंधार. तीन दिवसांत बसेल का? बरोबर दोन आज्या आणि चार मुलं आहेत.

देशमुख काका (ए-१०४): मेघना, यादी उत्तम आहे, पण पाचही घेतलेस तर तीन दिवस गाडीतच जातील. उदगीर आणि कंधार काढ. लातूरहून उदगीर साधारण ६५-७० किलोमीटर, कंधार त्याच्याही पुढे नांदेड जिल्ह्यात. त्या दोघांची वेगळी सहल कर, मुक्काम नांदेडला.

सुचिता ताई (बी-२०१): काका, उदगीर काढताना जिवावर येतं हो. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथे नमवलं. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आपल्या बाजूने होता. तिथून सैन्य परतूरला आलं, उत्तरेतून दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आलेली होती, आणि पानिपतची मोहीम परतूरलाच ठरली.

देशमुख काका (ए-१०४): म्हणूनच त्याला पूर्ण दिवस द्यायचा. जाता जाता उरकायचा तो किल्ला नाही.

सुचिता ताई (बी-२०१): पटलं. मग त्या जागी तेर घाला. परांड्याहून धाराशिवला जाताना बार्शी-येडशीकडून वाट थोडी वाकडी करावी लागते, बस्स.

मेघना (सी-३०२): तेर म्हणजे गोरोबाकाकांचं तेर ना? तिथे किल्ला कुठे आहे?

सुचिता ताई (बी-२०१): किल्ला नाही, पण आपल्या यादीतलं सगळ्यात जुनं गाव तेच. जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं जाडंभरडं कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाते. तिथे दोन गोष्टी नीट बघा.

पहिली, त्रिविक्रम मंदिर. समोरून पाहिलंत तर साधं वाटेल, कारण पुढचा मंडप नंतरचा आहे. सरळ मागे जा. मागची भिंत अर्धगोल आहे आणि वरचं छप्पर उपड्या होडीसारखं. हा मुळात विटांचा चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह. कार्ल्याला, भाज्याला डोंगर कोरून जो आकार केलाय, तोच इथे विटांनी उभा केलाय. विटांचे असे चैत्य फार थोडे टिकले. मुलांना कार्ल्याचा फोटो मोबाइलवर दाखवून मग मागच्या बाजूला न्या, लगेच कळतं.

दुसरी, तिथलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती तेरला मिळाली. रोमशी व्यापार होता याचा पुरावा हातात धरता येईल एवढा लहान आहे. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तुम्ही शुक्रवारी पोचताय. तरी निघण्याआधी उघडं आहे का ते फोन करून विचाराच. आणि गोरोबाकाकांची समाधी तेरणेच्या काठी आहे, आज्यांना तिथे निवांत बसता येईल.

मेघना (सी-३०२): ठरलं. मुक्काम तुळजापूरला की धाराशिवला?

इम्रानभाई (डी-५०५): शुक्रवारी धाराशिव. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला खोलीही मिळत नाही आणि गाडी लावायला जागाही. शनिवारी पहाटे निघालात तर नळदुर्गला जाताना दर्शन घेता येईल, मात्र रांग बघून ठरवा. तारीख पक्की करताना कॅलेंडरमध्ये पौर्णिमा बघून घ्या.

मेघना (सी-३०२): पहिल्या दिवसाचा रस्ता सांगाल का इम्रानभाई?

इम्रानभाई (डी-५०५): पहाटे साडेपाचला गेटबाहेर. सोलापूर हायवेने टेंभुर्णी, तिथून डावीकडे कुर्डुवाडी, मग परांडा. सगळं मिळून सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. चहा-नाश्ता धरून दहापर्यंत पोचाल. टेंभुर्णीनंतर वेग कमी. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झालेली असते, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. दिवसा त्रास नाही. अंधारात समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात उभी ट्रॉली दिसतच नाही. म्हणून नियम एकच: साडेसहानंतर आतल्या रस्त्यावर गाडी नाही.

दुसरं, फोटोसाठी गाडी रस्त्याच्या कडेला उतरवू नका. सगळी काळी माती आहे. वरून वाळलेली दिसते, खाली ओल असते, चाक बसलं की बसलं. मुरूम टाकलेला दिसला तरच उतरा. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसायचं नाही, चाक जागेवर फिरून आणखी खोल जातं. ओढणाऱ्या चाकांची हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी करा, चाकापुढची माती हाताने काढा, दगड किंवा उसाचं पाचट घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडून बाहेर काढा. पक्क्या रस्त्यावर आलात की आधी हवा भरायची, कमी हवेवर पळवलं तर टायरची बाजू फाटते. त्यासाठी बारा व्होल्टचा पंप तीन गाड्यांत मिळून एक तरी ठेवा.

देशमुख काका (ए-१०४): आता परांडा. हा बहामनी काळातला भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला. बांधकामाचं श्रेय बहामनी वजीर महमूद गवानला देतात. १६०० मध्ये नगर मोगलांकडे गेल्यावर मलिक अंबरने मुर्तझा निजामशाहाला इथेच गादीवर बसवलं, म्हणजे काही काळ निजामशाहीची राजधानी परांडा होती. १६३४ मध्ये मोगल शाहजादा शुजा आणि महाबतखान एवढी फौज घेऊन आले, पण वेढा उठवून परत गेले. आसपासचा चारा संपला, जनावरांची वैरण लांबून आणावी लागे, सरदारांचं एकमेकांत पटेना, आणि पावसाळा तोंडावर आला. किल्ला बघताना हे डोक्यात ठेवा.

भुईकोटाला डोंगराचा आधार नाही, त्यामुळे सगळं रक्षण बांधून काढावं लागतं. घाईने आत जाऊ नका. आधी खंदकाच्या काठाने थोडं चाला. बाहेरचा तट बुटका, आतला उंच. शत्रू बाहेरच्या तटावर चढला तरी आतल्या तटावरून माऱ्यात येतो. मग दरवाजा. समोर सरळ वाट कुठेच नाही, दर वेळी काटकोनात वळावं लागतं. हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये आणि तोफेचा गोळा थेट फळीवर बसू नये, यासाठी. वळणावर थांबून मुलांना वर बघायला सांगा: तटातल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, कुठे तोंड करून आहेत? काही लांबवर रोखलेल्या, काही थेट पायाखाली. जिथे तुम्ही उभे आहात, तिथेच दोन-तीन जंग्यांची नजर येते. एवढं एक दार समजलं की नळदुर्ग, औसा आपोआप वाचता येतात.

पाटील (बी-६०३): आणि तोफा, काका.

देशमुख काका (ए-१०४): हो, परांड्याचं खरं वैभव तेच. विजापूरची मुलूखमैदान मूळची इथलीच. नगरला १५४९ मध्ये ओतली, पुढे परांड्याला आली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली. आजही बुरुजांवर ओतीव पंचधातूच्या आणि बांगडी, अशा दोन्ही जातीच्या तोफा आहेत. बांगडी तोफ जवळून बघा. आत लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना चिकटवून नळी केलेली, बाहेरून तापवलेल्या कड्या एकामागे एक चढवलेल्या. कडी थंड होताना आकसते आणि नळीला आवळते. दोन कड्यांमधली फट बोटाला लागते. फुटली तर तिथेच फुटते, म्हणून मोठा मान ओतीव तोफेचा.

तोफेवरची अक्षरं वाचायला तेल, पाणी, खडू काही लावायचं नाही. अक्षरं झिजतात आणि तेलावर धूळ बसून ती भरून जातात. सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर उन्हाची तिरीप आली की फोटो घ्या. दुपारी असाल तर अंगाची सावली पाडून बाजूने बॅटरी धरा, समोरून नाही. अक्षरं उठून दिसतात.

मेघना (सी-३०२): मुलांच्या दृष्टीने धोका कुठे?

देशमुख काका (ए-१०४): विहिरी आणि फांजी. फांजी म्हणजे तटावरची चालायची वाट. कठडा ढासळलेला असतो आणि गवताने कडा झाकलेली असते, म्हणून काठीने चाचपल्याशिवाय पाय टाकायचा नाही. बुरुजाखालच्या अंधाऱ्या खोल्यांत वटवाघळं असतात, नाकाला रुमाल आणि आत शिरताना आधी बॅटरी. कमानीत आग्या मोहोळ दिसलं तर तिथून आवाज न करता मागे फिरायचं. अत्तर, डिओ, धूर, ड्रोन काही नको. पायात बूट, सँडल नाही.

पाटील (बी-६०३): नळदुर्गचं मी लिहितो, कारण तो किल्ल्यापेक्षा धरण म्हणून बघायचा आहे. बोरी नदी किल्ल्याला वळसा घालते. समोरच्या टेकडीवर रणमंडळ नावाचा जोडकिल्ला. दोघांच्या मध्ये नदीवर दगडी बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बसवला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये. शिलालेखात बांधणाऱ्याचं नाव मीर मुहम्मद इमादीन असं येतं. बांध सुमारे १७४ मीटर लांब, १९ मीटर उंच, रुंदी जागेनुसार पावणेतीन ते चौदा मीटर.

एका कामात तीन गोष्टी साधल्या. मागे पाणी अडलं, ते खंदकासारखं तटाला भिडलं. माथ्यावरून रणमंडळात जायला पूल मिळाला. आणि जादा पाणी दोन सांडव्यांतून खाली पडतं, तेच नर आणि मादी धबधबे. पाणी डोक्यावरून पडत असताना महालातली खोली कोरडी राहते आणि सज्जातून पाण्याचा पडदा समोर दिसतो.

मेघना (सी-३०२): म्हणजे आम्हाला धबधबा दिसेल?

पाटील (बी-६०३): खात्री धरू नका. वरचं बोरी धरण भरून वाहिलं तरच नर-मादी सुरू होतात, आणि हा पर्जन्यछायेतला भाग आहे. काही वर्षी धरण भरतच नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा खरा मोसम. दिवाळीनंतर बहुधा थेंबही नसेल. पण बांधकाम बघायला तेच बरं. पाण्याचा जोर असला की पाणीमहालात सोडत नाहीत, कोरड्या दिवसांत आत उतरून सांडव्याची रचना, जिने, खिडक्या नीट बघता येतात.

सुचिता ताई (बी-२०१): आज्यांना तिथे किती चालावं लागेल?

पाटील (बी-६०३): किल्ल्याचा पसारा फार मोठा आहे. पाणीमहाल आणि उपळी बुरूज ही दोनच ठिकाणं धरा. उपळी बुरूज सगळ्यात उंच, वर मगर आणि हत्ती नावाच्या दोन लांब तोफा. पायऱ्या उंच आहेत, गुडघेदुखी असेल तर आज्यांनी खाली बागेत थांबावं. पाणीमहालाचा जिना अरुंद आणि अंधारा, उतरताना भिंतीचा हात सोडायचा नाही. नऊ पाकळ्यांचा नवबुरूज बाहेरून बघितला तरी पुरे. इथे तिकीट आहे, स्वच्छतागृह आणि पाणी आहे. परांडा-औशाला त्याची अपेक्षा नको, म्हणून आज्यांची आणि मुलांची सोय आधी बार्शीत किंवा हायवेवरच्या हॉटेलात उरकून घ्या. नळदुर्गला किमान चार तास द्या.

मेघना (सी-३०२): आणि नळदुर्ग ते औसा?

इम्रानभाई (डी-५०५): नकाशा लोहाऱ्याकडून आतला जवळचा रस्ता दाखवेल. तिकडे न वळता परत तुळजापूर आणि तिथून लातूरचा हायवे. थोडं लांब पडतं, पण तीन गाड्या एकत्र राहतात आणि वेळ ठरवता येतो. वाटेत उजनी लागेल, धरणाची नव्हे, औसा तालुक्यातली. तिथली बासुंदी घ्या. मुक्काम लातूर.

देशमुख काका (ए-१०४): औसा रविवारी सकाळी साडेसात ते दहा. हा खोलगट जागेत बांधलाय. चारी बाजूंची जमीन उंच, त्यामुळे गावात शिरेपर्यंत किल्ला दिसत नाही, आणि आतल्या सर्वांत उंच जागेवरून मात्र लांबवरची फौज दिसते. ते पटवून घ्यायला आधी बाहेर थांबून बघा, मग आत चढा. गाडी बसस्टँडजवळ ठेवून चालत जा, मोबाइलच्या नकाशातल्या पिनच्या मागे गेलात तर बोळात अडकाल.

इम्रानभाई (डी-५०५): परतीला औसा-तुळजापूर-सोलापूर-पुणे. साडेतीनशे किलोमीटर, पण बहुतेक चौपदरी. बार्शीकडून अंतर कमी भरेल, पण रविवारी संध्याकाळी परत उसाच्या ट्रॉल्यांमागे. अकराला औसा सोडलंत तर अंधार पडायच्या सुमारास घरी. दुभाजक जिथे तोडलेला आहे तिथे उलट्या दिशेने मोटरसायकली येतात, उजवी लेन धरून बसू नका.

मेघना (सी-३०२): सगळ्यांचे मनापासून आभार. अंतिम: शुक्रवार परांडा-तेर, मुक्काम धाराशिव. शनिवार नळदुर्ग, मुक्काम लातूर. रविवार औसा आणि परत. प्रत्येक गाडीत दोन बॅटऱ्या, दोन काठ्या, सहा लिटर पाणी. पंप कोणाच्या गाडीत?

इम्रानभाई (डी-५०५): माझा घेऊन जा. गुरुवारी रात्री डी-५०५ ला या, गेज वाचायचं कसं तेही दाखवतो.